पाचामुखी परमेश्वर केव्हा बोलतो?

पाचामुखी परमेश्वर, असे आपण सहज म्हणतो. बांधाचा वाद असो, सोयरिकीतला तंटा असो की पाण्याच्या पाळीची कुरबुर असो, पाच जाणती माणसे बसली की त्यांच्या तोंडून निघेल ते खरे मानायचे, ही आपली जुनी रीत. ग्रामसभेत वर गेलेले हात, पतसंस्थेच्या संचालक मंडळाचा ठराव, शाळा व्यवस्थापन समितीचे मत ही त्याच रीतीची आजची रूपे आहेत. या पुस्तकाचा विषय ही रीतच आहे, पण प्रश्न नेमका आहे: पुष्कळांनी मत दिले म्हणून एखादी गोष्ट खरी असण्याचा भरवसा किती वाढतो? उत्तर शोधण्याआधी दोन बाबी सुट्या करून ठेवायला हव्यात. ग्रामपंचायतीच्या निधीतून पाणंद रस्ता आधी करायचा की अंगणवाडीची खोली, याचे उत्तर गावाच्या इच्छेबाहेर कुठेही लिहून ठेवलेले नसते. गाव म्हणेल तेच उत्तर. पण यंदा शिवारात सोयाबीन एकरी किती उतरले, किंवा आरोपीने गोळी जाणूनबुजून झाडली का, याचे उत्तर मत घेण्याआधीच ठरलेले असते आणि कितीही हात वर गेले तरी ते बदलत नाही. पहिल्या प्रकारात मत हा निर्णय असतो, दुसऱ्या प्रकारात ती साक्ष असते. आपल्या सार्वजनिक जीवनातले पुष्कळ गोंधळ साक्षीला निर्णय समजल्यामुळे होतात, असे माझे म्हणणे आहे. पुढची सगळी पाने त्याच्याच पुराव्यासाठी खर्ची पडली आहेत.

समूहाच्या साक्षीच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद गणिताने केलेला आहे, म्हणून आधी तो पुरता ऐकून घेऊ. कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताने १७८५ साली तो मांडला. समजा, दोनच उत्तरे संभवणाऱ्या प्रश्नावर प्रत्येक माणूस शंभरात ६० वेळा बरोबर असतो, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा थोडासाच बरा. अशा तिघांचे बहुमत शंभरात सुमारे ६५ वेळा बरोबर येते, नऊ जणांचे ७३ वेळा आणि १०१ जणांचे जवळपास ९८ वेळा. मोठा विद्वान कोणीच नाही, तरी सगळे मिळून विद्वानापेक्षा सरस ठरतात. पाचामुखी परमेश्वर या श्रद्धेला याहून चांगला आधार मिळणे कठीण. पण हेच गणित उलटेही चालते. माणूस शंभरात ४० वेळाच बरोबर असेल, तर १०१ जणांचे बहुमत शंभरात जेमतेम दोनदा खरे निघते. चुकीच्या बाजूला कललेला जमाव मोठा होत जातो, तशी त्याची चूकही पक्की होत जाते. शिवाय या हिशोबाला आणखी एक अट आहे आणि ती सहज नजरेआड होते: प्रत्येकाचे मत स्वतःचे हवे. एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीला बांधलेली नसावी. शंभर जणांनी एकाच पुढाऱ्याकडे पाहून हात वर केले, तर मोजताना मते शंभर भरतात, पण साक्षीदार एकच असतो.

ही अट पाळली गेली की काय घडते, याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधल्या प्लिमथ गावच्या जनावरांच्या प्रदर्शनातले आहे. तिथे एका बैलाचे कापून साफ केलेले वजन किती भरेल, याचा अंदाज चिठ्ठीवर लिहून द्यायची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टनने वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्या तपासून १९०७ साली निष्कर्ष छापला. अंदाज चढत्या क्रमाने लावले तर मधोमध येणारा आकडा १२०७ पौंड होता आणि प्रत्यक्ष वजन भरले ११९८ पौंड. हे यश जमावाचे खरेच, पण जमाव कसा होता तेही पाहायला हवे. प्रत्येकाने आपला आकडा एकट्याने लिहिला. शेजाऱ्याने काय लिहिले ते त्याला दिसत नव्हते. चिठ्ठीला पैसे मोजावे लागत होते आणि बक्षीस अचूक अंदाजाला होते, त्यामुळे आकडा फुगवण्यात किंवा दाबण्यात कोणाचाही फायदा नव्हता. लाल कंधारी किंवा देवणी बैल पारखणारी आपल्याकडची जाणती माणसेही याच अटींवर बसवली, तर त्यांच्या अंदाजांचा मध्य खऱ्या वजनाच्या जवळ जाईल, असे मानायला हरकत नाही. प्रश्न एवढाच आहे की, आपल्याकडे समूहाचे मत घेताना या अटी पाळल्या जातात का?

अर्धापूरच्या वाचकाला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. अर्धापूर, दाभड आणि मालेगाव ही या तालुक्यातली महसुली मंडळे. इसापूरच्या कालव्याचे पाणी पोचते तिथे केळी, हळद, ऊस. जिथे पोचत नाही तिथे पावसाच्या भरवशावरचे सोयाबीन, कापूस, तूर. दरवर्षी खरिपाची पैसेवारी ठरते: सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ती आणेवारीच आहे. नेहमीच्या उत्पन्नाच्या तुलनेत यंदा किती पिकले, ते पैशांत सांगायचे. ५० पैशांच्या खाली आकडा गेला की गाव टंचाईच्या यादीत येते आणि जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्कमाफी अशा गोष्टी लागू होतात. आकडा ठरवण्यासाठी गावपातळीवर समिती असते. तीत महसूल आणि कृषी खात्याची माणसे, तलाठी, सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष आणि काही शेतकरी असतात. म्हणजे सत्य शोधण्यासाठी बसलेले पंचच. शिवारात प्रत्यक्ष किती पिकले हा त्यांच्यापुढचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे, पण उत्तराला जे परिणाम जोडलेले आहेत, त्यांमुळे तो पहिल्या प्रकारचा होऊन बसतो. गावकऱ्यांचे हित आकडा ४९ येण्यात असते. प्रशासनाला टंचाईचा बोजा नको असतो, म्हणून वरून येणारा दाब उलट दिशेचा असतो. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक असली तरी नजर आधीच कललेली असते. त्यात नजर पैसेवारी म्हणजे रस्त्यावरून दिसणारे पीक. पाहणी करणारा कालव्याकडच्या रस्त्याने गेला की माळाकडच्या, यावरही अंदाज हलतो. अशा समितीत पाचाऐवजी पन्नास माणसे बसवली तरी कल तसाच राहतो, कारण सगळ्यांच्या चुका एकाच बाजूला झुकलेल्या असतात आणि एकमेकींना कापत नाहीत.

इथे एक रास्त आक्षेप येतो. शेतकऱ्याला त्याचे शिवार कळत नाही, असे म्हणायचे आहे का? मुळीच नाही. आपल्या रानात किती पोती निघाली, ते त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. पण माहिती असणे आणि ती समितीच्या आकड्यात जशीच्या तशी उतरणे यांत अंतर पडते, कारण 'किती पिकले' आणि 'गावाला मदत मिळावी का' हे दोन प्रश्न एकाच आकड्यात कोंबलेले असतात. ज्याचे सोयाबीन शेंगेतच कुजले, त्याला मदत मागण्याचा पूर्ण हक्क आहे. तो हक्क त्याला पिकाच्या मोजमापाआडून गुपचूप मागावा लागतो, हा दोष व्यवस्थेचा आहे. दोन प्रश्न वेगळे ठेवले, तर शेतकऱ्याची साक्ष जास्तीत जास्त विश्वासार्ह होईल. त्या दिशेने काही पावले पडलेलीही आहेत. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यमान, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई आणि जलसाठे यांचे निर्देशक पुढे आणले, ते एकट्या आकड्यावरचा हा भार हलका व्हावा म्हणूनच.

मग मत बाजूला ठेवून थेट मोजावे, असे कोणी म्हणेल. पीक कापणी प्रयोग त्यासाठीच असतो. शेत चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे, शेतातली जागाही आधी ठरलेल्या आकड्यांनी काढायची, चार खुंट्या ठोकून दोरी ताणायची, चौकोनातले पीक कापून ताडपत्रीवर मळायचे आणि वजन करायचे. हे मतापेक्षा निश्चितच बरे; पण मोजमापालाही तोच रोग जडू शकतो, हे एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिले. साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात वि. गो. पानसे यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीच्या नमुना पद्धतीची घडी बसवली. त्या काळी कापणीचा भूखंड किती मोठा हवा, यावर मोठा वाद होता. सुखात्म्यांनी १९४६ साली मांडले की, भूखंड फार लहान घेतला तर उत्पन्न फुगलेले दिसते. कारण अगदी बारीक आहे. दोरीच्या कडेवरचे झाड आत घ्यायचे की बाहेर सोडायचे, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो. लहान भूखंडात आतल्या झाडांच्या मानाने कडेची झाडे जास्त, म्हणून चूकही जास्त. असे हजार लहान भूखंड कापले तरी सरासरी फुगलेलीच येते, कारण प्रत्येक ठिकाणी हात त्याच बाजूला वळलेला असतो. विखुरलेल्या चुका संख्येने बुजतात. सगळ्यांनी सारखीच केलेली चूक संख्येने बुजत नाही, उलट तिला शास्त्राचे वजन येते. समूहाच्या मताबद्दल मला जे सांगायचे आहे, ते या कडेच्या झाडात सापडते.

न्यायदानात हीच गोष्ट महाराष्ट्राने १९५९ साली ढळढळीत पाहिली. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी २७ एप्रिलला मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. सत्र न्यायालयात नऊ जणांची ज्युरी होती आणि तिने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरवले. कोंदोर्सेच्या हिशोबाने पाहा: नऊ जण स्वतंत्र विचार करणारे आणि प्रत्येक जण शंभरात ६० वेळा बरोबर असेल, तर आठ विरुद्ध एक असा कौल खरा असण्याची शक्यता तो खोटा असण्याच्या सतरापट भरते. प्रत्यक्षात सत्र न्यायाधीशांना हा कौल पटण्यासारखा वाटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने १९६० साली नानावटींना दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ते कायम केले. आठ माणसे एकत्र कशी चुकली? 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींच्या बाजूने शहरभर लाट उठवली होती आणि तिच्यात ज्युरीही वावरत होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सत्र न्यायाधीशांनी ज्युरीला जे मार्गदर्शन केले, त्यातच कायद्याच्या चुका होत्या, असे उच्च न्यायालयाला आढळले. ते एकच मार्गदर्शन नऊही जणांनी ऐकले होते. झरा एकच असेल तर नऊ घागरी भरल्याने पाणी वेगळे होत नाही. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. सर्वसामान्य माणूस न्याय करायला नालायक असतो, असा धडा यातून काढणे मला चुकीचे वाटते. नऊ जणांची मते नऊ साक्षी म्हणून धरायची, तर ती एकाच उगमातून आलेली नसावीत, एवढा धडा मात्र पक्का आहे.

सामान्यांच्या मताचे असे हसे झाले की तज्ज्ञांवर सोपवा, असा आग्रह लगेच पुढे येतो. त्याला मराठवाड्याकडे स्वतःचे आणि फार महाग पडलेले उत्तर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे दगडामातीच्या घरांखाली गाडली गेली, हजारो माणसे गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग क्षेत्र एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार जुने आणि स्थिर आहे, हे भूशास्त्रातले सर्वमान्य गृहीत होते. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाने त्यावर प्रश्न उभा केला होता, पण त्याचे कारण धरणाच्या जलाशयात शोधले गेले. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारी परिसराला धक्के जाणवले होते. तरीही नकाशा तोच राहिला. तज्ज्ञ अडाणी नव्हते की बेफिकीर नव्हते. ते सगळे एकाच गृहीतावर उभे होते आणि त्यांचे एकमत हे त्या एका गृहीताचेच अनेक प्रतिध्वनी होते. १९९३ नंतर विचार बदलला आणि २००२ च्या भारतीय मानकात क्षेत्र एक हा वर्गच काढून टाकला गेला. तज्ज्ञाची मते सामान्यापेक्षा बहुतेक वेळा खरी ठरतात, हे मान्यच आहे. पण तज्ज्ञांचे एकमत किती विश्वासार्ह, हे ठरवतानाही तोच प्रश्न विचारावा लागतो: ही मते खरोखर किती ठिकाणांहून आली?

मोजणी आणि सत्य यांतला हा फरक आपल्या भूमीला नवा नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्षुसंघांची आठवण करून दिली होती: त्या सभांना गणपूर्ती, ठराव, मतमोजणी आणि गुप्त मतदानही ठाऊक होते. विनयपिटकात या मतदानाचे तपशील आहेत. वाद मिटेना तेव्हा शलाका, म्हणजे खुणेच्या काड्या, वाटून बहुमत घेतले जाई आणि त्याच्या तीन रीती होत्या: गुप्तपणे, कानात सांगून आणि उघडपणे. काड्या वाटणारा भिक्षू पक्षपाती नसावा, ही अट होती. आजच्या वाचकाला खटकेल अशी एक तरतूदही तिथे आहे. गुप्त मतदानात धर्माविरुद्ध बोलणाऱ्यांचे बहुमत दिसले, तर मत नीट घेतले गेले नाही असे सांगून काड्या परत घ्यायच्या. ही तरतूद मी आजच्या व्यवहारासाठी मुळीच सुचवणार नाही. खरे काय ते मत घेणाऱ्यालाच आधी ठाऊक आहे असे मानले की मतदान हा देखावा उरतो. तरी तीतून एक प्रामाणिक कबुली मिळते: संघाला मतमोजणीचे मोल कळत होते, पण संख्या म्हणजेच सत्य, असे त्याने मानले नव्हते.

चर्चेच्या बाजूने बोलणारे विचारतील की, मते स्वतंत्र हवीत तर माणसांनी एकमेकांशी बोलूच नये का? बोलण्यातूनच तर माहिती पुढे येते. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याचे उत्तर क्रमात आहे. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत माणसांना रेषांच्या लांबीबद्दल अगदी सोपा प्रश्न विचारला होता. आजूबाजूला बसवलेल्या साथीदारांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्या चुकीच्या बाजूला गेली. पण एक जरी माणूस खरे बोलला, किंवा उत्तर उघड न सांगता लिहून द्यायला सांगितले, तर हे प्रमाण झपाट्याने उतरले. आपल्या बैठकांचा क्रम नेमका उलटा असतो. अध्यक्ष किंवा घरंदाज माणूस आधी बोलतो, मग बाकीचे 'बरोबर आहे' म्हणतात आणि ठराव सर्वानुमते मंजूर होतो. त्या 'सर्वानुमते'त स्वतंत्र साक्ष बहुधा एकच असते. आधी प्रत्येकाने लिहावे, मग सगळ्यांनी बोलावे, मग पुन्हा लिहावे, असा क्रम ठेवला तर चर्चेतून माहितीही मिळते आणि पहिली साक्षही शाबूत राहते.

एक आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे मला जमणार नाही. बहुमत सत्याची हमी देत नाही असे लिहिले, की लोकशाहीवरच बोट ठेवल्यासारखे होते. ज्यांना लोकांचा आवाज नकोसा आहे, त्यांच्या हाती कोलीत मिळते. माझी बाजू स्पष्ट आहे. मताचा हक्क माणसाला तो नेहमी बरोबर असतो म्हणून मिळालेला नाही; निर्णयाचे ओझे ज्याच्या खांद्यावर पडणार, त्याला निर्णयात वाटा असलाच पाहिजे, म्हणून तो हक्क आहे. पाणंद रस्त्यावर अल्पभूधारकाचे मत आणि शंभर एकरवाल्याचे मत सारखेच, आणि तसेच असायला हवे. हा हक्क शाबूत राहावा म्हणूनच त्याच्याकडून भलते काम करून घेऊ नये. गावाने मदत मागण्याचा ठराव करावा, जोरात करावा. शिवारात किती पिकले हे मात्र ठरावाने ठरवू नये. ठराव आणि मोजमाप एकमेकांत मिसळले की मोजमापावरचा विश्वास जातो, आणि खरा दुष्काळ पडेल त्या वर्षी गावाची साक्ष कोणी ऐकत नाही. त्याची किंमत सर्वांत गरीब शेतकरी मोजतो.

पुढच्या प्रकरणांत ग्रामसभा, पैसेवारी, पीकविमा, सहकारी संस्था, न्यायालये आणि शास्त्रज्ञांच्या समित्या अशा वेगवेगळ्या ठिकाणी समूहाने दिलेला कौल तपासला आहे. वाचकाने प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी विचारत जाव्यात, अशी विनंती आहे: प्रश्न इच्छेचा होता की वस्तुस्थितीचा? मत देणाऱ्याकडे त्याची स्वतःची माहिती होती का? चूक एकाच बाजूला ओढणारे हित, भीती किंवा गृहीत सगळ्यांमध्ये होते का? आणि वेगळे मत देणाऱ्याचे कारण कागदावर उतरले का? आपल्या इतिवृत्तात विरोधी मते मोजली जातात, पण त्यांची कारणे क्वचितच लिहिली जातात; चूक उमगल्यावर मागे वळून पाहायला नेमकी तीच कारणे लागतात. या चार प्रश्नांची उत्तरे चांगली असतील, तर पाच माणसांचे म्हणणे मी निःसंकोच खरे मानीन. ती वाईट असतील, तर पाच हजार हात वर गेले तरी दोरी, तराजू आणि कागद घेऊन शिवारात उतरणे टळत नाही.

अर्धापूर, जि. नांदेड